मालमोटारीचें भाडें आणि कांद्याचा भाव

लासलगांवच्या आवारांत लिलाव चालू असतां शेतकऱ्याचें सारें लक्ष बोली बोलणाऱ्या व्यापाऱ्याच्या तोंडाकडे असतें. ती बोली तो कोठून आणतो, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. व्यापारी प्रथम दिल्ली, पाटणा किंवा कोलकाता येथील भाव पाहतो. त्यांतून तेथील अडत, बारदान, हमाली, वाटेंतील घट आणि मालमोटारीचें भाडें वजा करितो. आपला नफा बाजूस काढतो. आणि जें उरेल त्याच्या आंत राहून बोली बोलतो. भाड्याची पावती व्यापाऱ्याच्या नांवें फाटते खरी, परंतु तिचा मोठा भाग शेतकऱ्याच्याच पदरांतून जातो.

हें कोष्टक नीट पाहावें. केवळ हिशेबासाठीं समजा, दिल्लीस कांदा क्विंटलास २००० रुपये आहे आणि इतर खर्च सोडून नुसतें भाडें ५०० रुपये पडतें. येथें १५०० उरले. आतां दिल्लीचा भाव उतरून १००० झाला. मोटारीस डिझेल तेवढेंच लागतें, भाडें ५०० च राहतें, आणि येथें उरतात ५००. दिल्लीस भाव निम्मा झाला, पण लासलगांवीं तो तिसऱ्या हिश्शावर आला! मंदीच्या दिवसांत आपला भाव दूरच्या बाजारापेक्षां अधिक वेगानें कां कोसळतो, याचें एक मोठें कारण हें आहे. कांदा जड आणि स्वस्त. त्यास भाड्याचें ओझें विशेष जाचतें. द्राक्षांचें तसें नाहीं. त्यांचें मोल अधिक, पण न्हावा-शेव्याच्या बंदरापर्यंत शीतपेटीची थंडी क्षणभरही मोडतां कामा नये. तेथें पैशापेक्षां वेळेची चिंता.

आगगाडी स्वस्त असतां मोटार कशास, असें कोणी म्हणेल. थळ घाटांतून लोहमार्ग १८६५ सालींच झाला, आणि आजही पुष्कळ कांदा आगगाडीनें दूर जातो. परंतु आगगाडीस एकगठ्ठा माल लागतो आणि ती बांधावर येत नाहीं. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून दानापूरकडे किसान रेल निघाली, तेव्हांही देवळालीपर्यंत माल मोटारींनींच गेला.

भाडें ठरतें कसें, हें हुंडेकऱ्याच्या कचेरींत दोन घटका बसल्यास कळतें. डिझेल, टोल, टायर, चालकाचा पगार हीं तर आहेतच. पण खरी मेख परतीच्या भाड्यांत असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांस उत्तरेकडून माल घेऊन आलेली मोटार रिकामी परतण्यापेक्षां कांदा कमी दरांत नेते. कारखान्यांची आवक मंदावली कीं मोटारी दुर्मिळ होतात आणि दर चढतो. दुसरी गोष्ट खोळंब्याची. महिन्यांत जितक्या खेपा कमी, तितकें प्रत्येक खेपेचें भाडें जास्त. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील करनाके उठले. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला. त्याच्या सुमारें आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यामुळें कसाऱ्याचा घाट टाळतां येतो. मात्र वांचलेला वेळ भाड्यांत उतरतो कीं टोलांत जिरतो, हें ज्यानें त्यानें हिशेब मांडून पाहावें.

चालक थांबला म्हणजे काय होतें, हें जुलै २०१८ च्या आठ दिवसांच्या संपांत व पुन्हां जानेवारी २०२४ च्या आरंभीं दिसलें. दुसऱ्या वेळीं कारण होतें अपघात करून पळणाऱ्या चालकास दहा वर्षेंपर्यंत कैदेची नवी तरतूद. १ जुलै २०२४ रोजीं कायदा अमलांत आला, तेव्हां तेवढें कलम मागें ठेवण्यांत आलें. रात्रंदिवस घाट चढणाऱ्या या माणसास आपल्या आवारांत बसावयास सावली व प्यावयास पाणी असावें, एवढी अपेक्षा अवाजवी नाहीं.

आपल्या हातीं काय आहे? दूरचा भाव विचारतांना त्याच दिवशीचें भाडेंही विचारावें. स्वतः माल पाठवावयाचा असेल, तर चार शेजाऱ्यांनीं मिळून एक मोटार पुरी भरावी. अर्ध्या मोटारीसही बहुधा पुऱ्याचें भाडें द्यावें लागतें. माती, पात आणि सडका कांदा शेतावरच काढून टाकावा, कारण त्यांसही चांगल्या कांद्याइतकेंच भाडें पडतें, आणि वाटेंत एक सडका कांदा दहांस बिघडवितो तें निराळेंच. बिल्टीवर मालाचें वजन, गोण्यांची संख्या आणि भाडें कोणी द्यावयाचें, या तीन गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्यावांचून मोटार हलूं देऊं नये.