एका भिंतीवर दोन युगांची सेवा

महाशिवरात्रीच्या पावन पर्वावर शिवालयात आपण पिंडीपुढे नतमस्तक होतो. भोवतालच्या भिंतींकडे दृष्टी क्वचितच वळते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील भिंतींनी मात्र एक अमोल ठेवा शतकानुशतके उदरी जपला होता.

चोळसम्राट पहिला राजराज याने हे भव्य मंदिर इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केले. याच मंदिराच्या भिंतींवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. त्यामुळे मराठी मनाला ते विशेष जवळचे. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळकालीन चित्रे दिसली. दक्षिणामूर्ती, त्रिपुरांतक, कैलासाला निघालेले संत सुंदरर असे शिवभक्तीचे विश्वच तेथे झाकलेले होते.

मग प्रश्न उभा राहिला. वरचा थर खरवडावा, तर नायककालीन चित्रकारांची सेवा नष्ट होणार. तसाच ठेवावा, तर चोळांच्या चित्रांचे दर्शन कायमचे अंतरणार.

अशा वेळी विज्ञान भक्तीच्या साहाय्याला येते. मद्रासच्या शासकीय वस्तुसंग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथील गिलावा व रंग यांचे सूक्ष्म परीक्षण केले. खालच्या थरात डिंक वा सरस यांसारखे चिकट द्रव्य आढळले नाही. चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालविलेले रंग त्यावर चढविले होते. वाळताना चुना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंग त्यातच बंदिस्त होतो. चुन्याचा दाह सोसणारे गेरू, पिवळी काव, हिरवी माती, काजळी असे मोजकेच रंग म्हणूनच तेथे दिसतात. गिलावा सुकण्यापूर्वी चित्र पुरे करावयाचे, म्हणजे त्या अनामिक कलावंतांचा हात किती सिद्ध असेल!

थरांची घडण जाणल्यावाचून भिंतीला हात लावणे धोक्याचेच. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने काही ठिकाणी नायककालीन थर अलगद सोडवून काचतंतूंच्या फलकांवर बसविला आणि खालची चोळचित्रे मोकळी केली. दोन्ही युगांची सेवा अशा रीतीने राखली गेली.

आपल्या गावच्या जुन्या शिवालयातही रंगाचा नवा हात देण्यापूर्वी क्षणभर थांबावे, जाणकारास विचारावे. चुन्याच्या त्या थराखाली कुणा पूर्वजाची पूजा अजून चालू असेल.