पॅनल टू पॅनल

ग्रामपंचायतीच्या प्रचारात ‘पॅनल टू पॅनल मारा’ हे वाक्य कान किटेपर्यंत ऐकू येतं. रिक्षावरचा भोंगा तेच ओरडतो, दारात आलेले पाहुणे हात जोडून तेच सांगतात आणि आदल्या रात्रीच्या लक्ष्मीदर्शनात शपथही त्याचीच घालतात. म्हणजे वॉर्डातली सगळी मतं एकाच पॅनलच्या उमेदवारांना द्या. एवढा आटापिटा करावा लागतो, कारण गाव तसं मत देत नाही. खेड्यातला मतदार जातीच्या नाहीतर पुढाऱ्याच्या मागे मेंढरासारखा जातो, असं म्हणणाऱ्यांनी या निवडणुकीच्या यंत्रापाशी जरा थांबावं.

एका वॉर्डातून साधारण दोन-तीन सदस्य निवडायचे असतात आणि मतदाराला मतंही तेवढीच. जागा ओळखू यावी म्हणून यंत्रावर लावलेल्या मतपत्रिकांचे रंग वेगळे. सर्वसाधारण जागेला पांढरा, अनुसूचित जातीला फिका गुलाबी, जमातीला फिका हिरवा, नागरिकांच्या मागास प्रवर्गाला फिका पिवळा. सरपंच थेट निवडायचा असेल तर आणखी एक, फिका निळा. सगळी बटणं दाबून झाली की लांब बीप वाजतो. म्हातारी माणसं एकच बटण दाबून निघतात, तेव्हा केंद्राध्यक्षांना हाक मारावी लागते, ‘आजी, अजून दोन राहिली!’

गावचं खरं राजकारण या राहिलेल्या दोनांत असतं. पहिलं मत भावकीला. चुलत्याचा पोरगा उभा असताना त्याला डावललं तर उद्या बांधावर बोलायचं कसं? दुसरं मत सोसायटीच्या कर्जाचं काम करून देणाऱ्याला, नाहीतर बाळंतिणीसाठी रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्याला, मग तो कुठल्या का पॅनलचा असेना. तिसरं पुष्कळदा कुणाला तरी पाडण्यासाठी. म्हणून एकाच वॉर्डात पांढऱ्या मतपत्रिकेवर एका पॅनलचा आणि पिवळ्यावर दुसऱ्याचा माणूस निवडून येतो आणि पॅनलप्रमुख ‘आपल्यात फितूर कोण’ हे शोधत बसतात. फितूर कुणीच नसतं. वॉर्डात मतं चार-पाचशे, कोणत्या वस्तीने कुणाला हात दिला याचा अंदाज मोजणी संपायच्या आत बांधला जातो. अशा ठिकाणी मत वाटून टाकणारा मतदार तिघांनाही ‘तुम्हालाच दिलं’ असं सांगू शकतो, आणि ते खरं असतं.

अँथनी कार्टर या मानववंशशास्त्रज्ञाने फलटण तालुक्यातल्या राजकारणाचा अभ्यास करून १९७४ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढाऱ्यांची आपसातली जुळवाजुळव आणि त्यांनी खालच्या माणसांशी राखलेले संबंध हा त्यांच्या मांडणीचा कणा. जातीच्या गठ्ठ्याच्या गणितापेक्षा ती मांडणी मला पटते. पण ती वरून खाली पाहणारी आहे. खालचा माणूस एकाच वेळी दोन पुढाऱ्यांना कसा धरून ठेवतो, हे कळायला दुसऱ्या-तिसऱ्या बटणाकडे पाहावं लागतं.

या एकेका मताची किंमत पाहायची तर १५ जानेवारी २०२१ ची निवडणूक घ्या. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली होती. त्यांतल्या १,५२३ बिनविरोध झाल्या आणि उरलेल्या १२,७११ ठिकाणी सुमारे ७९ टक्के मतदान झालं. २०१९ च्या विधानसभेला राज्यात ते जेमतेम ६१ टक्के होतं. फरक आपोआप पडत नाही. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांसाठी गाड्या जातात. जानेवारीत तर ऊसतोड ऐन भरात असते. कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, फडावरून उचलून गावी आणायचे आणि मतदान झालं की परत सोडायचे, हा खर्च उमेदवाराच्या हिशेबात कुठे दाखवतात ते विचारू नये.

बिनविरोधचं कौतुक मात्र जपून करावं. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदासाठी मंदिराच्या नावाने बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत आकडा ४२ लाखांचा होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. देवाचं काम होतंय तर बिघडलं काय, असं विचारणारे तेव्हाही होते. बिघडतं ते इतकंच, की ज्याच्याकडे बोली लावायला पैसा नाही त्याचं बटणच जातं. उलट, आदर्श गाव म्हणून नावाजलेल्या हिवरे बाजारमध्ये त्या वर्षी तीसेक वर्षांनी मतदान झालं. गावाचे नेते पोपटराव पवार यांच्या पॅनलने सातही जागा जिंकल्या. ‘गावाची शिस्त मोडली’ म्हणून तेव्हा हळहळणारे होते; मला तो निकाल आधीच्या बिनविरोधांपेक्षा भक्कम वाटतो.

सरपंच निवडण्याची रीत सरकारागणिक बदलत आली. २०१७ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा जनतेतून. २०२१ ला तर सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतच मतदानानंतर निघाली. काही गावांत बहुमतवाल्या पॅनलकडे त्या प्रवर्गाचा सदस्यच नव्हता आणि हरलेल्या बाजूच्या एकट्या सदस्याच्या गळ्यात माळ पडली. थेट निवडीत वेगळीच गंमत होते. निळ्या मतपत्रिकेवर एका बाजूचा सरपंच आणि बाकी रंगांवर दुसऱ्या बाजूचं बहुमत. मग उपसरपंचाच्या निवडीआधी सदस्यांना सहलीला नेतात.

या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं. कपबशी, छत्री, शिट्टी अशा चिन्हांवर ती होते, आणि एकाच पॅनलमध्ये सगळ्या पक्षांची माणसं बसतात. तरी २०२१ च्या निकालानंतर भाजप आणि शिवसेना दोघांनीही आपणच पहिले असल्याचं सांगितलं. गावात तर याहून वरचढ चालतं. गुलाल उधळलेलं पॅनल संध्याकाळी आमदाराच्या बंगल्यावर फोटो काढून येतं. दोन दिवसांनी हरलेलं पॅनलही तिथेच जातं, कारण तेही त्याच आमदाराचं असतं.