अडकलेला काटा

गेल्या दिवाळीत भाचा फराळाला आला आणि चकली मोडायच्या आतच त्याने विचारलं, "मामा, डेटा कोणाचा घेऊ?" सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची नोकरी त्याच वर्षी सुटली होती. हिशेबाची रक्कम बँकेत पडून होती आणि शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर तयार होता. मी नोकरीभर मापनयंत्रं तपासली, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. मी आधी सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास त्याच्यापुढे ठेवला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत इक्विटी फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेले, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. तो म्हणाला, "म्हणजे सात जण कमावतात." त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोन डेटासेवा शेजारी-शेजारी चालवून तपासायला घेतल्या.

दोन्हींच्या जाहिरातीत वेगाचीच बढाई होती. नाशिकहून वांद्रे-कुर्ला संकुल साधारण पावणेदोनशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे अंतराचा खर्च एक-दोन मिलिसेकंद. घरी बसून व्यवहार करणाऱ्याचं नुकसान त्या मिलिसेकंदात होत नाही. एक्स्चेंजपासून सेवेच्या सर्व्हरपर्यंत आणि तिथून आपल्या लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत भावाचं जे काही केलं जातं, त्यात ते होतं.

घरगुती सेवांमधून प्रत्येक सौदा आपल्यापर्यंत येत नाही. येतात ती ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रं, बाजाराच्या भाषेत 'स्नॅपशॉट'. समजा, एका सेकंदात एखाद्या शेअरचे सौदे १००, १०१.५०, ९९.८० आणि १००.२० असे झाले. सेकंदाच्या शेवटी छायाचित्र काढणारी सेवा फक्त १००.२० दाखवेल. दुसरी सेवा मध्येच कधीतरी काढते, तिच्याकडे ९९.८० सापडतो. दोघी आपापल्या छायाचित्रांवरून मिनिटाची कँडल बनवतात आणि एकाच शेअरचा एकाच मिनिटातला नीचांक दोन ठिकाणी दोन निघतो. कोणीच खोटं बोलत नाही. पण तुमच्या प्रोग्रॅमचा स्टॉपलॉस ९९.९० वर असेल, तर एकीकडे शेअर विकला जातो आणि दुसरीकडे काहीच घडत नाही. लासलगावच्या लिलावाची आठवण करा. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर जाहीर होतात, पण आपल्या ट्रॅक्टरला कोणता मिळाला ते त्यातून कळत नाही.

यावरून एक गोष्ट आम्ही लगेच बदलली. स्टॉपलॉसची ऑर्डर प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता आधीच एक्स्चेंजवर टाकायची. मग डेटा तुटला तरी ती तिथे उभी असते.

खरी भीती तुटण्याची नाहीच. मापनाच्या धंद्यात मेलेलं यंत्र परवडतं, काटा अडकलेलं यंत्र परवडत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर सगळ्या देशाने हे पाहिलं. सकाळी दहानंतर निफ्टी आणि बँक निफ्टीचे आकडे हलेनासे झाले, शेअरचे सौदे मात्र चालू होते. ११.४० ला एक्स्चेंजने सगळं कामकाज थांबवलं. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांमध्ये बिघाड झाल्याचं कारण त्यांनी दिलं. ३.४५ ला बाजार पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. तोवर अनेक दलालांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले होते. ११.४० नंतर निदान सगळ्यांना कळलं होतं की बाजार बंद आहे. त्याआधी गोठलेल्या आकड्याकडे बघून 'निफ्टी शांत आहे' असा निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम बिनदिक्कत सौदे करत राहिला असता.

म्हणून आम्ही प्रत्येक आकड्यासोबत दोन वेळा नोंदवल्या, एक्स्चेंजवरची आणि लॅपटॉपवर पोचल्याची. आमच्या दोन सेवांपैकी एक अधूनमधून तुटायची, पण तुटल्याचं सांगायची. दुसरी क्वचितच तुटायची. मात्र एका दुपारी तिची जोडणी 'चालू' दाखवत असताना तोच जुना भाव पुन्हा पुन्हा येत राहिला. पोचल्याची वेळ ताजी होती आणि एक्स्चेंजची शिळी. एकच वेळ नोंदवली असती तर ही सेवा आम्ही पहिल्या क्रमांकावर ठेवली असती.

जुन्या भावांच्या साठ्यात वेगळा खड्डा निघाला. आमच्या जिल्ह्यात ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे, त्या अभिमानापोटी भाच्याने तोच शेअर चाचणीला घेतला. त्या कंपनीने दहा रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे पाच रुपयांचे दोन केले, २९ सप्टेंबर २०२३ पासून. साहजिकच भाव निम्म्यावर आला. एका सेवेने मागचे सगळे भाव त्या प्रमाणात कमी करून ठेवले होते, दुसरीने नव्हते. दुसरीच्या साठ्यावर प्रोग्रॅम चालवला, तर त्याला एका रात्रीत पन्नास टक्के कोसळलेला शेअर दिसला आणि त्याने घाबरून विक्री केली. कागदावरच, सुदैवाने.

पडताळणीसाठी फुकटचा आणि अधिकृत आधार म्हणजे एक्स्चेंजची रोजची 'भावकॉपी'. संध्याकाळी ती उतरवून दोन्ही सेवांचे उघडण्याचे, उच्चांकाचे, नीचांकाचे आणि बंद होण्याचे भाव ताडून पाहायचे. इथे आम्ही स्वतःच फसलो. बंद भाव जुळेना, म्हणून चार दिवस सेवेला नावं ठेवली. मग लक्षात आलं की एक्स्चेंजचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, संख्येनुसार वजन देऊन काढलेली ती सरासरी होती. सेवा शेवटच्या सौद्याचा भाव देत होती, आणि तो बरोबर होता.

तपासण्याच्या वेळाही निवडाव्या लागतात. दुपारी एक वाजता कोणतीही सेवा चांगलीच दिसते. सव्वानऊला बाजार उघडतानाची पहिली पाच मिनिटं, साडेतीनच्या आधीची दहा, ऑप्शन्सच्या मुदतीचा दिवस आणि अर्थसंकल्पाचा दिवस, इथे खरं कळतं. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला सामान्य गुंतवणूकदारांच्या अल्गो-व्यवहारांसाठी परिपत्रक काढलं. त्यात भर आहे तो ऑर्डर कोणाकडून आणि कुठून आली हे ओळखण्यावर. आलेला भाव ताजा आहे की शिळा, हे बघणं आपल्याकडेच राहतं.

आम्ही शेवटी अधूनमधून तुटणारी सेवा घेतली. एक्स्चेंजची वेळ काही सेकंद पुढे सरकली नाही, तर प्रोग्रॅम नवा सौदा करत नाही, भाच्याच्या फोनवर फक्त घंटा वाजवतो. गेले अकरा महिने तो कागदावरच चालतो आहे. भाच्याच्या वहीत एक रकाना प्रोग्रॅमच्या नफ्या-तोट्याचा आहे आणि एक बँकेतल्या मुदत ठेवीच्या व्याजाचा. दुसरा त्याने माझ्या सांगण्यावरून आखला. यंदा फराळाला येताना वही आणायला सांगितली आहे.