नाताळ आणि जुने चित्रपट

नाताळाची सुटी लागली, सातपुड्याकडून थंड वारे वाहूं लागले आणि नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे सडे पडले, म्हणजे घरोघरीं मंडळी सायंकाळीं एकत्र बसूं लागतात. अशा वेळीं कोणता चित्रपट पाहावा? जुने, सौम्य चित्रपट या दिवसांस विशेष शोभतात, असें आम्हांस वाटतें. तें कां, हें येथें थोडक्यांत सांगतों.

आपल्या देशी चित्रपटास ख्रिस्तचरित्रापासूनच स्फूर्ति मिळाली. त्र्यंबकेश्वर येथें जन्मलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईस येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. तो पाहतांना त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम व कृष्ण उभे राहिले; आणि १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

१९३६ सालचा, दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ घ्या. पुढील वर्षीं व्हेनिस येथील महोत्सवांत त्याचा गौरव झाला. त्यांत मूल आजारी पडल्यावर तुकोबांची पत्नी जिजाई चप्पल हातीं घेऊन विठोबास जाब विचारावयास देवळांत जाते. उतावळा प्रेक्षक येथें हंसून मोकळा होतो. परंतु क्षणभर तिच्या मुद्रेकडे पाहिलें, तर त्या संतापाखालीं आईचें काळीज दिसतें.

अमेरिकेंत १९४६ सालीं फ्रँक काप्रा यांनीं ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ काढला. लहान गांवांतील जॉर्ज बेली गोरगरिबांस घरें मिळावीं म्हणून एक पतसंस्था टिकवून धरतो व त्यापायीं जगप्रवासाचीं स्वप्नें सोडतो. नाताळच्या आदल्या रात्रीं तो अगदीं निराश होतो. तेव्हां तो जन्मासच आला नसता तर गांव कसें झालें असतें, तें एक देवदूत त्यास दाखवितो. प्रथम हा चित्रपट फारसा चालला नाहीं. पुढें दूरचित्रवाणीनें तो घराघरांत नेला, आणि आज नाताळाबरोबर त्याचें नांव निघतें.

असे चित्रपट संथ वाटतात, कारण त्यांत एकच मुद्रा बराच वेळ पडद्यावर राहते. अर्थ जुळविण्याचें अर्धें काम प्रेक्षकाकडे सोंपविलेलें असतें. पथारीवरील मिरची एका दिवसांत वाळत नाहीं. ओली भरल्यास ती कुजते. भावनेचेंही तसेंच आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या सुटींत असा एक चित्रपट आजीआजोबांच्या शेजारीं बसून पाहा आणि न समजलेलें त्यांस विचारा. पालकांनींही मोबाईल बाजूस ठेवून त्यांत सामील व्हावें. चित्रपट पुन्हां पाहतां येईल. शेजारीं बसणारीं माणसें मात्र दर नाताळास तींच असतील, असें नाहीं.