जन्मजात मुद्दल : स्त्रीबीज आणि किरणोपचार

व्याजावर निर्वाह करावा, मुद्दलाला हात लावू नये, ही व्यापारी घराण्यांची जुनी शिकवण. स्त्रीदेहातील बीजांच्या हिशेबात मात्र व्याज नाहीच. आहे ते केवळ मुद्दल, आणि तेही जन्मापूर्वीच जमा झालेले. गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्यात मुलीच्या बीजांडकोशांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मसमयी १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख. आयुष्यात परिपक्व होतात त्या जेमतेम ४०० ते ५००.

किरणोत्सर्ग हा साठा कसा संपवतो, हे उंदरांवरील अभ्यासातून उलगडले. किरण पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. शरीरातील अनेक पेशी अशा वेळी थांबून दुरुस्ती करतात. सुप्त बीजपेशी मात्र अल्प मात्रेनेही मरणाकडे वळते. तिच्यात पी-६३ नावाचे प्रथिन निष्क्रिय रूपात साठलेले असते. डीएनए तुटताच चेक-२ हे दुसरे प्रथिन त्याला जागे करते आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते. पी-६३ची ही भूमिका २००६ मध्ये स्पष्ट झाली. २०१४ मधील प्रयोगात चेक-२ नसलेल्या माद्यांना किरणोत्सर्गानंतरही पिल्ले झाली. सदोष बीज पुढील पिढीत जाऊ नये, यासाठी निसर्गाने बसवलेला हा पहारा आहे. परंतु मोठ्या आघातात तोच सारे मुद्दल खर्ची घालतो.

मानवी बीजांपैकी निम्मी २ ग्रेहून कमी मात्रेने नष्ट होतात, असा अंदाज आहे. ओटीपोटाच्या कर्करोगावरील किरणोपचारात बहुधा ४५ ते ५० ग्रे दिले जातात. याउलट ओटीपोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्रा ग्रेच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते; म्हणून आवश्यक तपासणी भीतीपोटी टाळणे योग्य नव्हे.

मुलीचे दुखणे बाहेर कळले तर सोयरीक अडेल, या धास्तीने काही घरांत मौन पाळले जाते आणि विचारायचा प्रश्न विचारलाच जात नाही. वास्तविक मार्ग उपलब्ध आहेत. शस्त्रक्रियेने बीजांडकोश किरणांच्या कक्षेबाहेर सरकवता येतात. बीजे गोठवून ठेवता येतात. त्यास साधारण दोन आठवडे लागतात. वयात न आलेल्या मुलीच्या बीजांडकोशाचा अंश गोठवता येतो. कोणता मार्ग योग्य, हे रोगावर व वयावर अवलंबून असते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. मात्र हा प्रश्न आईवडिलांनी पहिल्या किरणोपचारापूर्वीच विचारला पाहिजे. गेलेले मुद्दल येथे परत जमा होत नाही.