दोन शब्दांतील अंतर

पाणी, जल आणि उदक हे तिन्ही शब्द एकाच पदार्थाची नावे आहेत. कोश उघडला तर एकाच्या पुढे दुसरा लिहिलेला आढळतो. तथापि तहानलेला मनुष्य कधी उदक मागत नाही. दान देताना मात्र हातावर उदकच सोडले जाते. आणि गंगेहून आणलेले पाणी गडूत भरले की ते गंगाजल होते, गंगापाणी होत नाही. समानार्थी म्हटले जाणारे शब्द वस्तुतः शेजारी असतात. त्यांची कुंपणे एकमेकांस लागलेली असली तरी घरे वेगळी असतात.

इंग्रजी भाषेत अशी शेजारघरे विपुल आहेत आणि त्याचे कारण तिच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच, धर्मपीठाची व विद्येची लॅटिन, आणि शेतकऱ्याच्या घरातली भाषा जुनी इंग्रजी, असा प्रकार चालला. परिणामी एकेका गोष्टीस दोन दोन, तीन तीन नावे मिळाली. सुरुवात करण्याला घरगुती शब्द ‘बिगिन’. फ्रेंचमधून आलेला ‘कमेन्स’. लॅटिनमधून घेतलेला ‘इनिशिएट’. मूल रडू लागते तेव्हा ते ‘बिगिन’ करते. कायदा अमलात येतो तेव्हा तो ‘कमेन्स’ होतो.

दोन भाषांच्या या संसाराची खूण कायद्याच्या कागदांवर अजूनही दिसते. मृत्युपत्राला ‘विल अँड टेस्टामेंट’ म्हणतात. त्यातला पहिला शब्द देशी, दुसरा लॅटिन वंशाचा. मालमत्तेच्या दस्तऐवजांत ‘लँड्स अँड टेनेमेंट्स’ अशी जोडी येते. तिथेही पहिला देशी, दुसरा फ्रेंच. अशा जोड्या पाहून सामान्य वाचकाची समजूत होते की कायद्याच्या भाषेत शब्दांची नुसती खोगीरभरती असते आणि एकाऐवजी दुसरा शब्द घातल्याने काही बिघडत नाही. ही समजूत किती चुकीची आहे, हे भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील एका खटल्याने १९६५ साली दाखवून दिले.

त्या वर्षी ऑगस्ट महिन्यात बिहारमध्ये आंदोलन चालू होते. लोकसभेचे सदस्य डॉ. राममनोहर लोहिया यांना पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने स्थानबद्ध करण्यात आले. आदेश १९६२ च्या भारत संरक्षण नियमांखाली काढलेला होता. देशात १९६२ च्या चिनी आक्रमणापासूनची आणीबाणी अद्याप जारी होती, आणि या नियमांखाली स्थानबद्ध झालेल्या माणसाला आपल्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्कासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा राष्ट्रपतींचा आदेश होता. म्हणजे लोहियांपुढील दार बंद होते. त्याला फट राहिली होती ती फक्त एका शब्दाची.

नियमात शब्द होते ‘पब्लिक ऑर्डर’, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात लिहिले होते ‘लॉ अँड ऑर्डर’, म्हणजे कायदा आणि सुव्यवस्था. वरवर पाहता फरक तो काय? ‘ऑर्डर’ दोन्हींकडे आहेच. परंतु बंद दार लागू होते ते नियमाखाली स्थानबद्ध झालेल्या माणसाला. आदेशच नियमाच्या बाहेर गेला असेल, तर स्थानबद्धता नियमाखालची राहत नाही, आणि दार पुन्हा उघडते. म्हणून सारा वाद येऊन थांबला तो या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ एकच की निराळा, या प्रश्नावर.

या प्रश्नाचा उलगडा न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांनी फार सुबोध रीतीने केला. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते पूर्वी मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा आणि सुव्यवस्थेचे. त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचे. आणि अगदी आतले, सर्वांत लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षिततेचे. आतल्या वर्तुळाला धक्का लागला की बाहेरच्यांनाही लागतोच. पण बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्यात पोहोचतेच असे नाही. दोन दारुडे रस्त्यावर मारामारी करतात तेव्हा कायद्याचा भंग होतो. त्यांना पकडून खटला भरावा. पण त्याने सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली, असे होत नाही. तेच दोघे परस्परविरोधी जमातींचे असतील आणि त्यांतील एक जण जातीय भावना भडकवू पाहील, तर मात्र गोष्ट दुसऱ्या वर्तुळात शिरते.

मोठ्या वर्तुळाचे नाव घेऊन लहान वर्तुळापुरता दिलेला अधिकार वापरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आदेशात सार्वजनिक सुरक्षिततेचाही उल्लेख होता. परंतु दोन कारणांपैकी एक नियमाबाहेरचे असेल, तर उरलेल्या एकट्या कारणावर अधिकाऱ्याने तोच आदेश काढला असता की नाही, हे कोणी सांगावे? ७ सप्टेंबर १९६५ रोजी न्यायालयाने बहुमताने आदेश बेकायदा ठरवला आणि लोहिया मुक्त झाले.

सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता यांमधील रेषा यापूर्वीच आखली गेली होती. मद्रास सरकारने ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात बंदी केली, ती सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाने. घटनेने मात्र भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यास तेव्हा जी मोजकी कारणे मान्य केली होती, त्यांत राज्याच्या सुरक्षिततेचे कारण होते. सार्वजनिक सुव्यवस्थेचे नव्हते. १९५० साली रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. लगेच १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘पब्लिक ऑर्डर’ हे शब्द निर्बंधांच्या यादीत घालण्यात आले. शब्दांच्या अर्थात काहीच अंतर नसते, तर घटना दुरुस्त करण्याचे श्रम कोणी घेतले असते?

‘प्रोसेस’ आणि ‘प्रोसिजर’ ही जोडी तर एकाच लॅटिन धातूपासून निघालेली. घटनेच्या मसुद्यात प्रथम अमेरिकी धर्तीचा ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ हा शब्दप्रयोग होता. त्यातील ‘ड्यू’ म्हणजे यथोचित. या शब्दाच्या बळावर न्यायालय कायद्याचीही न्याय्यता तपासू शकते. घटनेचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी चर्चा केली, आणि अखेर जपानच्या घटनेतील ‘प्रोसिजर एस्टॅब्लिश्ड बाय लॉ’, म्हणजे कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती, हे शब्द स्वीकारले गेले. १९५० साली ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेचा खटला आला तेव्हा बहुमताचा निर्णय असा झाला की विधिमंडळाने केलेल्या कायद्यातील पद्धत पाळली की पुरे. ती न्याय्य आहे की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. हा अर्थ बदलण्यास अठ्ठावीस वर्षे लागली. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने म्हटले, की ही पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे. वगळलेला एक शब्द अशा रीतीने अर्थाच्या मार्गाने परत आला. दरम्यान किती माणसांनी तुरुंगात दिवस काढले, त्याचा हिशेब कोशात सापडणार नाही.

मराठी भाषकांस या विषयाचे दुहेरी महत्त्व आहे. आज कायदे मराठीतही वाचले जातात. ‘लॉ अँड ऑर्डर’ आणि ‘पब्लिक ऑर्डर’ या दोहोंच्या भाषांतरात ‘सुव्यवस्था’ हा एकच शब्द येतो. त्यामुळे मागचे विशेषण गळाले की दोन वर्तुळे एक होतात. मोर्चा असो, चोरी असो की दंगल असो, वर्तमानपत्रे ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न’ म्हणून मोकळी होतात. बातमीपुरते ते चालेल. परंतु महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींच्या विघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी केलेल्या १९८१ च्या कायद्यातही स्थानबद्धतेची कसोटी सार्वजनिक सुव्यवस्था हीच आहे. त्याखालील आदेशाला आव्हान दिले जाते तेव्हा न्यायाधीश आजही हिदायतुल्लांची तीन वर्तुळे समोर ठेवतात आणि विचारतात, की या माणसाचे कृत्य नेमके कोणत्या वर्तुळातले? उत्तर मोठ्या वर्तुळापाशी थांबले, तर त्याच्यावर रीतसर खटला भरता येतो. खटल्यावाचून त्याला कोठडीत ठेवता येत नाही.