सत्पात्री दान

मराठी शिकविणाऱ्या माणसाला शब्दांचा नाद असावयाचाच. ‘पात्र’ हा शब्द घ्या. भांडे ते पात्र, दान घेण्यास योग्य तो माणूस पात्र, आणि नदी वाहते तेही पात्रच! वाशिम जिल्ह्यात या तिन्ही अर्थांची गाठ पडलेली दिसते.

वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. अठराव्या शतकात भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी येथे बालाजीचे मंदिर बांधले आणि तलावही बांधविला. देवाबरोबर पाण्याचीही सोय करावी, ही आपली जुनी दानाची रीत.

आता दाते बदलले आणि पाऊसही बदलला. हा जिल्हा मुख्यतः सोयाबीनचा, तोही पावसाच्या भरवशावरचा. ऐन फुलोऱ्यात पाऊस दडी मारतो आणि काढणीच्या वेळी नको तेवढा कोसळतो. वर्षाची बेरीज जुळली, तरी शेतकऱ्याचा हिशेब चुकतो तो असा.

सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ साली ८० लाख रुपयांच्या निधीवर सुरू झाला. पुढे २००९ साली मंजूर झालेल्या ‘केम’ प्रकल्पात हा ट्रस्ट राज्य सरकार आणि आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी यांच्याबरोबर उभा राहिला. विदर्भातील सहा जिल्ह्यांत वाशिमही होता. जलसंधारणाबरोबरच महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांच्या बायकांच्या हाताला जोडधंदा देणे, हाही त्याचा भाग होता. एकट्या पिकावर संसार टांगू नये, हे घरातली गृहिणी तज्ज्ञांच्या आधीपासून जाणते!

२०१६ साली आमिर खान व किरण राव यांनी पानी फाउंडेशन काढले. त्याच्या वॉटर कप स्पर्धेत कारंजा तालुक्यातील गावेही उतरली. तिची रीत मला विशेष भावते. खोदाईसाठी गावाला रोख पैसा द्यावयाचा नाही, प्रशिक्षण द्यावयाचे. कुदळ गावाने उचलावयाची. श्रमदान करणाऱ्या गावांना भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली. घेणारा हात असा देणाराही झाला.

पण एक शंका विचारल्यावाचून राहवत नाही. दात्याच्या अहवालात बंधाऱ्यांची संख्या येते, त्यांत साचणारा गाळ येत नाही. चार-सहा पावसाळ्यांत बंधारा भरतो, आणि तोवर दाता दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने यावर शहाणी तोड काढली. यंत्र आणि इंधन सरकारचे व देणगीदारांचे. गाळ मात्र मूळ योजनेत शेतकऱ्याने आपल्या खर्चाने शेतात न्यावयाचा. तलाव खोल होतो आणि हलक्या रानाला माती मिळते.

वाचकहो, दिवाळीत आपणही चार पैसे बाजूला काढतो. ते एखाद्या संस्थेला देताना ‘किती बंधारे बांधलेत?’ एवढेच विचारू नका. ‘पाच वर्षांपूर्वीच्या बंधाऱ्याचा गाळ यंदा कोणी काढला?’ हेही विचारा. ज्या गावाला याचे उत्तर देता येते, ते गाव खरे पात्र. आणि ज्या संस्थेला देता येते, तीही.